गराजमधली कादंबरी

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. गेली सात वर्षं आम्ही एक कादंबरी लिहितो आहोत आणि ती अजून पुरी झालेली नाही. गणपतीच्या नाहीतर संक्रांतीच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी भेटतंच. "काय, कुठवर आली कादंबरी?" अशी चौकशी होते. आम्ही लगेच हातातला मोदक किंवा तिळगूळ तोंडात टाकतो. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही!

ह्या अंकासाठी संपादकांनी त्याच विषयावर लिहायचा आग्रह धरला, तेव्हा मात्र पळवाट उरली नाही. लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. 'मी' लिहावं की 'आम्ही'? टाइप करणारा मी एकटाच, हे खरं. पण ह्या कादंबरीचा खर्च फ्लॅट बुशच्या घरातल्या चौघांनी आणि मिरजेच्या घरातल्या एकीने मिळून सोसला आहे. एकट्याने 'मी' म्हणणं म्हणजे दुसऱ्याने भरलेल्या बिलावर स्वतःची सही ठोकण्यासारखं. म्हणून 'आम्ही'. वाचकांनी ह्यात मोठेपणा शोधू नये.

तर मंडळी, ही त्या कादंबरीच्या चढउतारांची हकिगत. उतार जास्त आहेत, चढ कमी.

श्रीगणेशा

आम्ही २००४ साली इंजिनियरिंगचं मास्टर्स करायला ऑकलंडला आलो. तेव्हा एका खोलीत तिघं राहायचो. पैसे नसायचे, पण वेळ भरपूर. त्या दिवसांत दोन कथा लिहिल्या, त्या छापूनही आल्या, आणि आपण लेखक आहोत असा एक गैरसमज डोक्यात पक्का बसला. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, मुलगा झाला, मॉर्गेज झालं. लेखक कुठल्या तरी खोक्यात गेला, आणि घर बदलताना जी खोकी उघडायची राहून जातात त्यांतच तो राहिला.

२०१८ साली आम्ही फ्लॅट बुशला राहायला आलो. नवीन मंडळींसाठी सांगतो, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे बहुतेक कुरणंच होती. आता घराला घर लागलंय. बॅरी कर्टिस पार्कात संध्याकाळी फिरायला गेलं तर पंजाबी, मँडरिन, सामोअन, तमिळ सगळं कानावर पडतं, आणि मधूनच एखादी "अरे हळू, पडशील!" अशी अस्सल मराठी हाक. ऑर्मिस्टनचं टाउन सेंटर २०२१ साली उघडलं. त्याआधी आमच्या खिडकीतून क्रेन दिसायच्या आणि लांबवर स्टॅनकोम रोडवरच्या बौद्ध मंदिराचं छप्पर.

सामान लावताना ते खोकं उघडलं गेलं. आत त्या दोन कथा होत्या, आणि वडिलांनी दिलेली एक जुनी वही. वडील रेल्वेत होते, मिरज जंक्शनला. मिरजेला एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते: ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची छोटी नॅरोगेज. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत माल जायचा तर हमालांच्या पाठीवरून. वडिलांनी वहीत असल्याच नोंदी केल्या होत्या. कुठली गाडी किती उशिरा आली, कोणाची पोती कुठे राहिली, कोण हमाल पाय मोडून घरी बसला. वाचता वाचता वाटलं, ही तर आपल्या घराचीच गोष्ट आहे. आजोबा एका रुळावर, वडील दुसऱ्या, आम्ही तिसऱ्या, आणि मधला माल कोणाच्या तरी पाठीवरून गेलेला. कोणाच्या, ते लिहायला हवं.

झालं! कादंबरी सुरू.

जागेचा प्रश्न

चार बेडरूमचं घर, पण लेखकाला त्यात जागा नाही. एक खोली आमची, दोन मुलांच्या, चौथी पाहुण्यांची. पाहुण्यांच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, शिवणाचं मशीन आणि न जमलेल्या डाएटची सायकल. शेवटी गराजमध्ये बूड टेकलं. एका बाजूला लॉनमोवर, दुसऱ्या बाजूला वीस किलोच्या तांदळाची पोती, मध्ये एक फोल्डिंगचं टेबल. जुलैमध्ये पहाटे तिथे इतकं गार असतं की जानवं घालावं तसा हीटर गुंडाळून बसावं लागतं.

स्वतःची कीव यायला लागली तेव्हा एका किवी सहकाऱ्याने आम्हाला जॅनेट फ्रेमबद्दल सांगितलं. न्यूझीलंडची ही फार मोठी लेखिका. जन्म १९२४चा. दोन बहिणी पाण्यात बुडून गेल्या. पुढे तिची स्वतःची बरीच वर्षं मनोरुग्णालयात गेली. मेंदूवर शस्त्रक्रिया करायची असं डॉक्टरांनी ठरवलंही होतं. तेवढ्यात तिच्या कथासंग्रहाला पारितोषिक मिळाल्याची बातमी आली आणि ती शस्त्रक्रिया टळली. साहित्याने माणूस वाचतो म्हणतात, त्याचं ह्याहून रोखठोक उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

१९५५ साली फ्रँक सार्जेसन ह्या ज्येष्ठ लेखकाने तिला आपल्या टाकापुनाच्या घरामागची लष्करी पद्धतीची लाकडी खोपटी राहायला दिली. एक पलंग, एक टेबल, एक दिवा. तिथे तिने आपली पहिली कादंबरी लिहिली. ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. सार्जेसन कामाचा वक्तशीर. सकाळी त्याचं टाइपरायटर सुरू व्हायचं, आणि हिच्या खोपटीतून आवाज आला नाही तर हिलाच अवघडल्यासारखं व्हायचं. मग तो मागच्या अंगणात फिरकला की ही टायपिंगच्या सरावाचं तेच ते वाक्य खटखट बडवत बसायची! तिने स्वतःच आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं आहे.

हे वाचलं आणि जीव हलका झाला. कारण गराजच्या दारापाशी पावलं वाजली की आम्हीही पटकन की-बोर्डवर बोटं चालवतो. नाहीतर सौ. म्हणते, "अहो, नुसतेच बसलाय, तर तेवढी बिनं बाहेर ठेवून या."

एका रविवारी सगळ्यांना गाडीत घालून ते घर बघायला नेलं. हार्बर ब्रिज ओलांडला की एस्मंड रोडची एक्झिट, आणि १४ नंबरचं अगदी साधं, राखाडी, चौकोनी घर. सार्जेसन १९८२ साली गेला, पण घर आजही जपून ठेवलेलं आहे. समोरून गाड्या धो धो वाहतात. मुलाने विचारलं, "बाबा, हे बघायला आपण एवढ्या लांब आलो?" पोराचं चुकलं नाही. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. पण परत आल्यावर गराज आम्हाला एकदम प्रशस्त वाटायला लागलं.

वेळेचं गणित

आम्ही पडलो इंजिनियर. कादंबरी म्हणजेही आमच्या दृष्टीने एक प्रोजेक्टच. एक्सेलमध्ये तक्ता केला. रोज तीनशे शब्द, वर्षाचे दोनशे दिवस, म्हणजे साठ हजार शब्द. एका वर्षात कादंबरी हातात! पहिल्या वर्षाअखेर तक्त्यात भरले ११,४००. कारखान्यात एखाद्या मशीनने असा उतारा दिला असता तर आम्हीच ते भंगारात काढलं असतं.

कारणं हुडकायला लांब जायला नको. सोमवारी मुलीचं नेटबॉल, बुधवारी मुलाचं पोहणं, शनिवारी सकाळी दोघांचे सामने दोन वेगळ्या मैदानांवर. रविवारी किराणा, लॉन, आठवड्याच्या पोळ्या आणि कोणाकडे तरी वाढदिवस. सौ.ची स्वतःची नोकरी आहे, महिनाअखेरीला तिची हिशेबाची धावपळ. उरली पहाट. म्हणून पाच ते साडेसहा ही वेळ मुक्रर केली.

मराठीतल्या थोरामोठ्यांनी हे कसं जमवलं असेल, म्हणून वाचायला लागलो. तेव्हा जे हाती आलं ते आमच्यासारख्या इतर हौशी मंडळींच्याही उपयोगी पडेल.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ची. पंचविशीतल्या नेमाड्यांनी ती गावाकडे, सांगवीला, खोलीत बसून पंधरवड्याभरात उतरवली. २०२१च्या ऑगस्टमध्ये ऑकलंडला दुसऱ्यांदा मोठं टाळं लागलं, तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपलाही पंधरवडा आला! प्रत्यक्षात झालं काय, तर डायनिंग टेबलावर सौ.चं ऑफिस, आतल्या खोलीत मुलीची शाळा, सोफ्यावर मुलाची शाळा, आणि "वाय-फाय कोण खातंय?" म्हणून दिवसभर भांडण. ते टाळं लांबत लांबत डिसेंबरावर गेलं. त्या काळात आम्ही दोन प्रकरणं लिहिली आणि पाव भाजायला शिकलो. पाव बरे झाले.

नेमाड्यांचं उदाहरण बाजूला ठेवलं आणि हरिभाऊ आपट्यांकडे वळलो. 'पण लक्षात कोण घेतो' ही त्यांची कादंबरी १८९०पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. साप्ताहिकही त्यांनीच काढलेलं. त्यात पुण्यातल्या आनंदाश्रमाची व्यवस्था, नगरपालिकेचं काम. म्हणजे फुरसत नव्हती. होता तो दर आठवड्याचा तगादा. वाचक वाट बघतोय म्हटल्यावर हात चालतोच. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या हेही खरं, आणि आमच्यासारख्याला तेवढाच दिलासा.

श्री. ना. पेंडसे तर आम्हाला सर्वांत जवळचे वाटले, कारण ते मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरी करायचे. बसगाड्यांच्या आणि ट्रामच्या कारभारात दिवस घालवायचा आणि लिहायचं ते दापोलीकडच्या माणसांबद्दल. 'गारंबीचा बापू' १९५२ची, 'रथचक्र' १९६२ची, आणि 'रथचक्र'ला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार. चार पिढ्यांची कथा सांगणारी 'तुंबाडचे खोत' दोन खंडांत आली १९८७ साली, तेव्हा पेंडसे सत्तरी ओलांडून गेले होते. आम्ही तक्त्यातली शेवटची तारीख पुसून टाकली ती हे वाचल्यावर.

हे सगळं सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "हे सगळे लिहीत होते तेव्हा घरात पोळ्या कोण लाटत होतं, ते लिहिलंय का कुठे?"

गप्प बसलो. प्रश्न रास्त होता. मग शोध त्या बाजूने सुरू केला, आणि काशीबाई कानिटकर भेटल्या. जन्म १८६१चा. नवव्या वर्षी लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नाही. लिहायला-वाचायला शिकल्या त्या सासरी, नवऱ्याच्या आग्रहामुळे. बाईने पुस्तक हातात धरणं म्हणजे घरात थट्टेचा आणि टोमण्यांचा विषय, असा तो काळ. घरकाम उरकून, चोरून-मारून वाचायचं. त्याच काशीबाईंनी पुढे डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं आणि 'रंगराव' ही कादंबरी लिहिली. ती १९०३ साली पुस्तकरूपाने आली. त्यांच्याकडे गराजही नव्हतं आणि पहाटेचा दीड तासही नव्हता.

आणि इथल्या पॅट्रिशिया ग्रेस. शाळेत शिक्षिका, सात मुलांची आई. माओरी स्त्रीचा पहिला कथासंग्रह १९७५ साली त्यांचा आला, आणि माओरी स्त्रीची पहिली कादंबरीही १९७८ साली त्यांचीच. सात मुलं! आम्ही दोन मुलांच्या नेटबॉल-पोहण्याचं रडगाणं गात होतो. त्या रात्री ताटं आम्ही विसळली, आणि तेव्हापासून रविवारच्या पोळ्या आमच्याकडे आहेत. नकाशे अजून ऑस्ट्रेलियाचेच होतात.

घरची माणसं कागदावर

वेळ आणि जागा ह्या बाहेरच्या अडचणी. त्या दिसतात आणि त्यांवर हसताही येतं. खरी अडचण तिसरी, आणि ती पहिल्या शंभर पानांनंतर पुढ्यात उभी राहते.

घराविषयी लिहायचं म्हणजे घरच्यांविषयी लिहायचं. कादंबरीतली माणसं काल्पनिक आहेत असं कितीही म्हटलं तरी कादंबरीतल्या नायकाची बायको पदर खोचून नाकावर आठी पाडते तेव्हा ती आठी कुठून आली हे घरात कळतंच. पहिली पाच प्रकरणं आम्ही सौ.ला वाचायला दिली. तिने ती एका बैठकीत वाचली. मग दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोलणं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमची नायिका चांगली आहे हो. पण ती सगळं सोसते आणि नवरा सगळं बघत असतो. बघतो तर उठून काही करत का नाही? असा माणूस मला माहीत आहे म्हणून विचारते."

हे समीक्षण आम्ही छापील कुठेही वाचलं नसतं. चौथं प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं.

मराठीत ह्याची फार मोठी उदाहरणं आहेत. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, ह्यांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं तेव्हा 'विभावरी शिरूरकर' ह्या टोपणनावाआड राहूनच. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न जमलेल्या मुलींच्या मनातलं त्यांनी लिहिलं आणि केवढं वादळ उठलं! ही बाई कोण, ह्याचाच लोकांना ध्यास. दुसरीकडे जॅनेट फ्रेमचं बघा. तिने कादंबरीत एका गरीब कुटुंबाची कथा सांगितली, आणि वाचकांनी तिलाच त्यातली वेडी मुलगी ठरवून टाकलं. पुढे १९८०च्या दशकात तिने तीन खंडांत आत्मचरित्र लिहिलं ते काही अंशी, खरं काय हे एकदा आपल्या तोंडून सांगून टाकावं म्हणून.

आमचं तर नावगाव कोणाला ठाऊक नाही, तेव्हा वादळबिदळ उठायची भीती नव्हती. पण मिरजेत आई होती.

पहाटे पाच

आता जे सांगतो ते सांगायला थोडं जड जातं.

उन्हाळ्यात आपलं घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे. म्हणजे इथे पहाटेचे पाच वाजतात तेव्हा मिरजेत आदल्या रात्रीचे साडेनऊ. आईची निजायची वेळ. वडील गेल्यापासून ती एकटी राहते. आम्ही पाचला उठतो हे कळल्यावर ती रोज त्याच वेळी व्हॉट्सॲपवर फोन करायला लागली. "तुझा चेहरा बघितला की झोप चांगली लागते," म्हणायची. मग बोलणं सुरू. दूधवाला, पाणी कधी आलं, कोणाची सून कशी, मग हळूहळू जुन्या गोष्टी. रेल्वे क्वार्टर, वडिलांची रात्रपाळी, कोण रुसून निघून गेलं, कोण परत आलं. बघता बघता सहा वाजायचे. तीनशे शब्दांतले तीस व्हायचे नाहीत.

आम्ही कंटाळलो. हे लिहिताना लाज वाटते, पण कंटाळलो. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये एक युक्ती काढली. फोन सायलेंटवर टाकायचा, स्वयंपाकघरात ठेवायचा आणि गराजमध्ये जाऊन बसायचं. आईला सांगितलं, आता शनिवार-रविवार बोलू. ती म्हणाली, "बरं."

दोनच आठवडे गेले. एका गुरुवारी आम्ही एक प्रकरण संपवून मोठ्या खुशीत सात वाजता चहाला आत आलो. फोनवर अकरा मिस्ड कॉल. आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. सरपटत खोलीत येऊन तिने पहिला फोन आम्हाला केला होता, मग दुसरा, तिसरा. शेवटी शेजारच्या काकूंना लावला. त्यांनीच रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं आणि तिथून उरलेले फोन केले. खुब्याचं हाड मोडलं होतं.

तीन दिवसांनी सिंगापूरमार्गे कसेबसे पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. आईने काही विचारलं नाही. आम्हीच सांगितलं, फोन का उचलला नाही ते. ती बराच वेळ वर पंख्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मग झालं का ते प्रकरण?"

"झालं."

"वाच की मग."

दवाखान्यात रात्री दुसरं काय करणार? लॅपटॉप उघडला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. रोज एक प्रकरण. वाचता वाचता आमच्या ध्यानात यायला लागलं की ह्यातल्या अर्ध्याअधिक गोष्टी तिच्याच आहेत. रात्रपाळीच्या डब्यातली लसणाची चटणी, रुसून गेलेला काका, पावसात भिजलेली पोती. वडिलांच्या वहीत गाड्यांच्या वेळा होत्या. माणसं त्या पहाटेच्या फोनांतून आली होती. लिहिण्याच्या आड येतात म्हणून जे फोन बंद केले, त्यांतूनच लिहिणं चाललं होतं. इंजिनियर असूनही इनपुट कुठून येतंय हे आम्हाला ओळखता आलं नव्हतं.

सातवं प्रकरण एका कागदाबद्दल आहे. घरातल्या एका बाईची सही त्यावर घेतली जाते आणि तिचं पुढचं आयुष्य बदलतं. कोण, कुठला कागद, हे इथे सांगत नाही. कादंबरीत ते पाप आम्ही वडिलांच्या वाट्याला घातलं होतं, कारण लहानपणापासून आम्ही तसंच समजून होतो. वाचून झालं. आई म्हणाली, "चष्मा दे." चष्म्याचं काहीच काम नव्हतं. तो लावून तिने आमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "सही कोणी घेतली ते बरोबर आहे. घ्यायला कोणी लावली, ते चुकलंय."

आणि मग तिने सांगितलं. दोन तास सांगत होती. पन्नास वर्षं ज्याबद्दल घरात कोणी शब्द काढला नव्हता, ते.

आम्ही म्हणालो, "आई, हे मी लिहीत नाही. ते प्रकरणच काढून टाकतो."

तर चिडली. "काढून कशाला टाकतोस? तुझ्या वडिलांवर ठेवलंस तेव्हा बरं चाललं! लिहायचं तर आहे तसं लिही. फक्त मी आहे तोवर छापू नकोस. तिची मुलं येतात दिवाळीला माझ्याकडे."

पुढे काय

परत आल्यावर पाच महिने आम्ही एक अक्षर लिहू शकलो नाही. गराजमध्ये जायचो, लॉनमोवरकडे बघायचो, परत यायचो. वडिलांवर आम्ही शंभर पानं अन्याय केला होता, आणि तो दुरुस्त करायचा तर आईवर लिहायचं. दुसऱ्या कोणाच्या कादंबरीत हा पेच आला असता तर आम्ही चर्चासत्रात तावातावाने बोललो असतो.

सुटका केली ती मुलीने. ती आता पंधराची. मराठी फाडफाड बोलते, पण देवनागरी वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर जोडत बसते. घरात मराठी कादंबरी लिहिली जातेय आणि घरातल्या निम्म्या माणसांना ती वाचता येत नाही, हा एक सल आमच्या मनात होताच. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुझी फाइल मी फोनकडून वाचून घेतली." ह्या फोनच्या आवाजाला ना लाज ना भाव, 'मिरज' आणि 'मरण' एकाच सुरात म्हणतो. पण पोरीने त्या आवाजात सहा प्रकरणं ऐकली होती. विचारते, "आजी अशी होती? मला तर ती फक्त लाडू पाठवणारी वाटायची. मग पुढे काय झालं?"

'पुढे काय झालं' असं ज्याला कोणीतरी विचारतं, त्याला लिहावंच लागतं. हरिभाऊंचा तगादा तो हाच असावा. दुसऱ्या दिवशी सातवं प्रकरण नव्याने सुरू केलं. आता एकोणीस प्रकरणं झाली आहेत, दोन उरली आहेत. शनिवारी नेटबॉलला जाताना गाडीत आम्ही स्वतः वाचून दाखवतो. सौ. गाडी चालवते आणि मधेच "हे तसं नाही बोलणार ती" म्हणून दुरुस्त करते. मुलगा मागे कानात बोंडं घालून बसलेला असतो, पण परवा एका वाक्याला त्याने नको तिथे हसून दिलं, तेव्हा कळलं की बोंडांतून काहीच वाजत नव्हतं.

तुमच्यापैकी कोणाच्या खोक्यात असंच काही पडून असेल तर अनुभवाचे दोन बोल. एक म्हणजे, तक्ता करू नका, आणि केलाच तर घरातल्या माणसांना त्यात 'अडथळे' ह्या रकान्यात घालू नका. दुसरं, आईवडील, मावशा, काका ह्यांच्याशी फोनवर बोलताना घाई करू नका. कादंबरी लिहा अगर न लिहू नका. शेजारी एक कागद मात्र असू द्या. आपण इतक्या लांब आलो आहोत की एका पिढीचं सामान दुसऱ्या पिढीच्या गाडीत चढवायला आता दुसरे हमाल मिळणार नाहीत. ते आपल्यालाच वाहायचं आहे.

आणि छापण्याचं म्हणाल, तर आम्हाला आता घाई नाही. केरी ह्युमला 'द बोन पीपल' पुरी करून छापून आणायला बारा-एक वर्षं लागली. किती प्रकाशकांनी ती परत पाठवली, आणि मग १९८५ साली तिला बुकर मिळालं. आमचं बुकर मिरजेत आहे. रोज पहाटे पाचला फोन टेबलावर, तांदळाच्या डब्याला टेकवून उभा असतो, रिंग मोठ्यात मोठी करून. आई आता वॉकर घेऊन घरात हिंडते. आधी दूधवाला होतो, मग पाणी होतं, मग ती विचारते, "आज कितवं पान?"

हा लेखही तिला वाचून दाखवला. तिने एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं. मग म्हणालो, "आई, शेवटची दोनच प्रकरणं राहिली आहेत. पण तू म्हणालीस तसं, इतक्यात छापायची नाही."

ती हसली. म्हणाली, "तुझा वेग बघता मला शंभरी गाठावी लागणार. जा, लिही आता. मला झोप आली."

— फ्लॅट बुश, ऑकलंड